तीन सम्राटांचा दवाखाना

“बाबा, तुमचं सॉफ्टवेअर तुमच्या टेबलाबाहेर कुठे चालतं का हो?”

प्रश्न माझा नव्हता. वकिलाचा होता. वकील म्हणजे माझी मैत्रीण. काळा कोट वगैरे काही नाही, आमच्यासारखाच शाळेचा गणवेश. पण बाईंनी कापलेला अर्धा मार्क ती उलटतपासणी घेऊन परत मिळवते, म्हणून वकील. आणि अट घातली चिमणीने, म्हणजे आमच्या तिघींतल्या तिसरीने. घरी जेवताना वगैरे विचारायचं नाही, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना विचारायचं. हिंमत झाली नाही तर शाळेच्या माइकसमोर उभं राहून ‘मी भित्री भागूबाई आहे’ असं जाहीर करायचं.

गेल्या वर्षीची मी असते तर निमूट माइककडे चालू लागले असते. पण यंदा मी वादविवाद स्पर्धेत दोन मोठ्या शाळांची बोलती बंद करून आले आहे आणि तेव्हापासून, आईच्या भाषेत, माझं तोंड सुटलेलं आहे.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रामचं ‘सेव्ह’ बटणच दिसत नाही, ते स्क्रीनच्या खाली कुठेतरी गडप झालंय, अशी त्यांची तक्रार होती. बाबा त्यांना शांतपणे पटवत होते की बटण जागेवरच आहे, स्क्रीन बुटकी आहे. मी तेवढ्यात मधे घुसून प्रश्न टाकला.

मालक असे हसले की त्यांचाच चष्मा नाकावरून घसरला. “अहो, पोरगी माझ्या मनातलं बोलली की!”

बाबा ओरडत नाहीत. राग आला की ते सदऱ्याच्या टोकाने कीबोर्ड पुसायला घेतात. त्यांनी पूर्ण कीबोर्ड पुसला, स्पेसबारसकट, आणि म्हणाले, “चालतं म्हणजे? शहरभर चालतं. उद्या सुट्टी आहे ना तुला? काकाबरोबर जा आणि डोळ्यांनी बघून ये. नुसती जीभ चालवायला अक्कल लागत नाही.”

आता आमच्या कंपनीविषयी सांगायला हवं. घराची पुढची खोली म्हणजे कंपनी. मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे घर, पलीकडे ‘हेड ऑफिस’. ब्रँच ऑफिस कुठेच नाही, तरी बाबा हेडच म्हणतात. दवाखाने, दुकानं, वाचनालयं यांच्या नोंदी ठेवायचा प्रोग्राम बाबा लिहितात. लिहिण्यात ते हुशार आहेत, हे मीसुद्धा मान्य करते. पण एकदा प्रोग्राम लिहून झाला की तो बाहेरच्या जगात नेऊन बसवणं हे त्यांना हलकं काम वाटतं. ते काका करतो. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्याच्या गळ्यात नेहमी पेनड्राइव्ह लटकत असतात, एखाद्या मांत्रिकाच्या माळेसारखे. आणि नंतर जे फोन येतात ते आई घेते. आईची उत्तरं ठरलेली: बंद करून चालू करा, पुन्हा बंद करून पुन्हा चालू करा, आणि तरी नाही झालं तर, “तुमच्याकडे कोणी कशाला हात लावला होता का?”

या शेवटच्या प्रश्नाला जगात कोणीच ‘नाही’ म्हणू शकत नाही. कॉम्प्युटरला हात लावल्याशिवाय तो वापरणार कसा?

तर दुसऱ्या दिवशी मी काकाच्या स्कूटरवर मागे बसले. जायचं होतं दाताच्या दवाखान्यात. तिथे कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या नोंदी सापडत नाहीत म्हणून महिन्याभरापासून आईला फोन येत होते. दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसते वकिलाची आई. प्रश्न वकिलालाच का सुचला होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी गंमत म्हणून विचारला आणि गंमत म्हणूनच स्कूटरवर बसले.

“इन्स्टॉलेशनला हातोटी लागते, बाईसाहेब,” काका सिग्नलला मान मागे वळवून म्हणाला. तो मला बाईसाहेब म्हणतो, सगळ्यांसमोर. “तुझ्या बाबाने प्रोग्राम लिहिला, ठीक आहे. पण तो दुसऱ्याच्या मशीनवर जाऊन बसतो तो माझ्यामुळे. दादाला विचार, एकदा तरी बसवलाय का त्याने?”

“का बसत नाही तो आपलाआपण?”

“हट्टी आहे. दादावर गेलाय.”

मग काकाने मला धंद्यातली गुपितं सांगितली. सिग्नल मोठा होता.

पहिलं गुपित. प्रोग्रामला छापायचा नमुना लागतो, म्हणजे बिलाचा आणि पावतीचा साचा. तो साचा बाबांनी फार वर्षांपूर्वी चुकून आपल्या डी ड्राइव्हवरच्या ‘सहल’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि प्रोग्रामलाही तोच पत्ता लिहून दिला. आता प्रोग्राम जगात कुठेही गेला तरी पहिल्यांदा डी ड्राइव्हवर जातो आणि ‘सहल’ शोधतो. सहल नसेल तर रुसून बंद पडतो.

“मग साचा तेवढा न्यायचा ना.”

“नेला होता. चालला नाही. आणखीही काहीतरी लागतं त्यातलं, काय लागतं ते आता दादालाही आठवत नाही. म्हणून मी अख्खं फोल्डरच कॉपी करतो.”

“अख्खं म्हणजे… फोटोंसकट?”

“तुझा तो समुद्रावरचा आहे ना, पुढचे दोन दात पडलेला, चड्डीत वाळू भरून उभी आहेस, तो सगळीकडे गेलाय. वाचनालयातल्या बाईंनी तर तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनला लावलाय. पुसून टाकायची माझी छाती होत नाही. न जाणो, तोच लागत असेल प्रोग्रामला.”

मला स्कूटरवरून उडी मारावीशी वाटली. मी वादविवादात शहरात पहिली आले आहे आणि शहरभर माझी चड्डी इन्स्टॉल झालेली आहे.

“आणि ज्यांच्याकडे डी ड्राइव्हच नाही?” मी विचारलं. विषय बदलणं भागच होतं.

“त्यांच्या मशीनला पेनड्राइव्ह खुपसतो आणि त्यालाच डी नाव देतो. वरून चिकटपट्टी. चिकटपट्टीवर लिहितो, ‘काढू नये’. एका ठिकाणी सफाईवाल्याने काढला होता. दोन दिवस दुकान बंद.”

दुसरं गुपित त्याने दवाखान्याच्या जिन्यावर सांगितलं, जरा आवाज खाली आणून. प्रत्येक कॉम्प्युटरला एक नाव असतं. बाबांनी आपल्या कॉम्प्युटरचं नाव ठेवलंय ‘सम्राट’. नाव कोणी ठेवलं हे सांगितल्यावर ते का ठेवलं हे सांगायची गरज नाही. सगळ्या नोंदी ज्या साठ्यात राहतात, त्याला डेटाबेस म्हणतात, आणि प्रोग्राम लिहिताना बाबांनी त्यात पक्कं लिहून टाकलं की साठा सम्राटकडे आहे. जे विचारायचं ते सम्राटला विचार.

“आता दुसऱ्याच्या ऑफिसात सम्राट कुठून येणार?” काका म्हणाला. “प्रोग्राम आल्या आल्या सम्राटला हाक मारायचा, सम्राट सापडायचा नाही, आणि स्क्रीनवर ती लाल फुली यायची. आम्ही पहिले दोन महिने डोकं धरून बसलो होतो.”

“मग बाबांनी प्रोग्राम बदलला?”

काका माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागला. “प्रोग्राम कशाला बदलायचा? मी त्या कॉम्प्युटरचं नाव बदललं. सम्राट ठेवलं. एका झटक्यात चालू! तेव्हापासून आपली पद्धतच ती. कुठेही जा, आधी नाव बदलायचं. शहरात आज जिथे जिथे आपण आहोत, तिथे तिथे सम्राट आहे.”

सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की हसावं का रडावं मला कळेना. म्हणजे बाबांनी एक ओळ बदलायची सोडून काकाने अख्ख्या शहराचं बारसं केलं होतं.

दवाखान्यात शिरल्यावर औषधाचा वास आला आणि भिंतीमागून ती घुर्रर्र आवाजाची मशीन. बाकावर गाल धरलेली माणसं. रिसेप्शनच्या काचेमागे वकिलाची आई. मी तिला काकू म्हणते. शाळेच्या गॅदरिंगला भेटली होती तेव्हा चेहरा गोल होता. आता जरा उतरलेला वाटला. मला बघून तरीही हसली.

“अगं, तू होय! तुला तर मी रोज बघते. वाळूत उभी असतेस.”

“काकू, प्लीज.”

तिच्यासमोर फोन, कॉम्प्युटर, आणि एका कोपऱ्यात जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. प्रत्येक चिठ्ठीवर पेशंटचं नाव आणि दाताचा नंबर. “हे काय?” मी विचारलं.

“मी कॉम्प्युटरमध्ये लिहिते, मग तेच चिठ्ठीवर लिहिते, मग चिठ्ठी आत नेऊन देते,” काकू हळूच म्हणाली. “कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं आत पोचत नाही म्हणे. माझ्याइथे दिसतं गं. बघ, हे सगळं दिसतंय. पण डॉक्टरबाई आत उघडतात तेव्हा नसतं.”

तेवढ्यात आतला दरवाजा उघडला आणि डॉक्टरबाई बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क हनुवटीखाली, हातमोजे तसेच. त्या काकाकडे वळून बोलल्या, पण बोलल्या ते काकूला ऐकू जाईल असं.

“बरं झालं आलात. मला एकदा सोक्षमोक्ष लावायचाय. मागच्या आठवड्यात एका आजोबांना मी इंजेक्शन द्यायला निघाले होते. त्यांना त्याची अ‍ॅलर्जी. आजोबांनीच हात धरला म्हणून वाचलो. माझ्या स्क्रीनवर अक्षर नव्हतं. ह्या म्हणतात, मी लिहिलं होतं. तुमचे भाऊ म्हणतात, प्रोग्राम तपासलेला आहे. मग गेलं कुठे?”

“मॅडम, मी खरंच लिहिलं होतं,” काकू म्हणाली.

“तुम्ही दर वेळी खरंच लिहिलेलं असतं.” डॉक्टरबाई चिडल्या होत्या, पण त्यांच्या आवाजात भीतीही होती, त्या आजोबांचा हात बहुतेक अजून त्यांच्या मनगटावर होता. “शनिवारपर्यंत वाट बघते. तोवर असंच चाललं तर सोमवारपासून मी दुसरी मुलगी बघते. मला राग नाही तुमच्यावर. पण इथे माणसांच्या अंगात सुई जाते.”

त्या आत गेल्या. बाकावरच्या सगळ्या गालांनी काकूकडे पाहिलं आणि मग छताकडे.

मला एकदम वकील आठवली. ती हल्ली डब्यातलं अर्धं परत नेते. विचारलं तर म्हणते, डाएट. सगळ्यांना खोटं पकडून दाखवणारी वकील स्वतः किती वाईट खोटं बोलते.

काकाने पेनड्राइव्हची माळ काढली आणि कामाला लागला. डॉक्टरबाईंनी दोन महिन्यांपूर्वी आणखी दोन कॉम्प्युटर घेतले होते: एक त्यांच्या खोलीत, एक असिस्टंट डॉक्टरांच्या. तिन्हीवर प्रोग्राम काकानेच बसवला होता. आता तो तिन्हीवरचा प्रोग्राम काढून परत बसवणार होता. त्याच्याकडे सगळ्या आजारांवर हे एकच औषध आहे.

“काका,” मी म्हटलं, “तिघांचंही नाव सम्राट?”

“मग काय! नाव बदलल्याशिवाय चालतो का?”

“एकाच दवाखान्यात तीन सम्राट?”

“सुरुवातीला खूप भांडले,” काका खाली वाकून, टेबलाखालून बोलत होता. “कॉम्प्युटर सारखे सांगायला लागले, या नावाचा आणखी एक आहे, या नावाचा आणखी एक आहे. वैताग नुसता. मग मी तोडगा काढला.”

“कोणता?”

टेबलाखालून त्याचा हात वर आला. हातात निळी वायर होती, टोक मोकळं. “तिघांना जोडणारी वायरच काढून टाकली. भांडण बंद! बघ आता, एक तरी एरर येतोय का?”

मी ते मोकळं टोक बघत उभी राहिले. मला कॉम्प्युटरमधलं फार कळतं असं नाही. शाळेच्या कॉम्प्युटर तासाला आम्ही अजून स्क्रीनवरचं कासव चौकोनात फिरवतो. पण तीन घरं आहेत, तिन्ही घरांत वेगवेगळी वही आहे आणि एका घरातून दुसऱ्यात जायचा रस्ताच कोणीतरी उखडून टाकलाय, तर एका वहीतलं दुसरीत दिसणार कसं, हे कळायला कासवही पुरेसं आहे.

“काकू,” मी म्हटलं, “त्या आजोबांचं नाव इथे काढून दाखव ना.”

काकूने नाव टाकलं. आजोबा आले. त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत इंजेक्शनचं नाव आणि ‘देऊ नये’, आणि नोंद केल्याची तारीख. मी असिस्टंट डॉक्टरांच्या रिकाम्या खोलीत जाऊन तेच नाव टाकलं. ‘नोंद सापडली नाही.’ मग त्याच कॉम्प्युटरवर ज्या पेशंटांच्या नोंदी होत्या त्यातल्या एकाला रिसेप्शनवर शोधलं. ‘नोंद सापडली नाही.’

“काका, काकूने लिहिलंय! सगळं लिहिलंय! ते तिच्या सम्राटकडेच पडून आहे. आतले दोघं आपापल्या घरी बसलेत. वायर कुठेय?”

मी जरा मोठ्याने बोलले असेन, कारण घुर्रर्र थांबली. काकाने माझा दंड धरून मला जिन्यात नेलं. त्याचा चेहरा पहिल्यांदाच फुललेला नव्हता.

“हळू! माझं काम इन्स्टॉलेशन. ते झालं. एरर येत नाही. नोंदीबिंदी दादाचं खातं आहे.”

“पण आत्ताच सांगू ना डॉक्टरबाईंना. काकू सुटेल.”

“आणि आपण? बाईसाहेब, डोकं वापर. दादाला सांगतो ना मी, आज संध्याकाळीच. तो बोलेल मॅडमशी. शनिवारच्या आत. शप्पथ.”

काका खोटं बोलत नाही. तो फक्त बाबांना घाबरतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आम्ही निघताना काकू आणखी एक चिठ्ठी लिहीत होती. “काही कळलं का गं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “कळलं काकू. आज रात्री सगळं नीट होईल.” ती इतक्या पटकन उभी राहिली की तिची खुर्ची मागे भिंतीला आपटली.

संध्याकाळी पडद्यापलीकडे काकाने बाबांना सांगितलं. म्हणजे, त्याच्या पद्धतीने सांगितलं. “दादा, दवाखान्यात जरा नेटवर्कचा इश्यू वाटतोय.” एवढंच. स्कूटरची किल्ली उचलली आणि पसार. जाताजाता मला डोळ्याने खुणावलं, की बघ, सांगितलं.

मग मीच पडद्यापलीकडे गेले. आईही फोन ठेवून तिथेच बसली होती. मी सगळं सांगितलं: तीन सम्राट, निळी वायर, आजोबा, चिठ्ठ्या, शनिवार. बाबांना समजायला वेळ लागला नाही. ‘वायर’ म्हणाल्याबरोबर त्यांचा हात माउसवर होता तिथेच थांबला. मगाशी म्हटलं ना, ते हुशार आहेत.

“त्याने वायर काढली?” ते म्हणाले. “गाढव आहे. एकच सम्राट ठेवायचा, रिसेप्शनवर. आतल्या दोघांना दुसरी काहीतरी नावं द्यायची आणि वायर लावायची. ते आपोआप रिसेप्शनवरच्याला विचारतील. अर्ध्या तासाचं काम.”

“मग उद्याच करूया!”

“एवढं सोपं नाही ते.”

“आत्ताच तर म्हणालात, अर्ध्या तासाचं.”

“जोडणं अर्ध्या तासाचं.” बाबांनी कीबोर्ड पुसायला घेतला. “पण दोन महिने तीन ठिकाणी वेगवेगळ्या नोंदी भरल्या गेल्यात. त्या एकत्र करायच्या म्हणजे एकेक पेशंट काढून बघावा लागेल, कुठलं खरं, कुठलं जुनं. ते डॉक्टरबाईंना बरोबर घेऊनच करावं लागेल. म्हणजे त्यांना सांगावं लागेल.”

“सांगा ना मग.”

“काय सांगू? की आमचा प्रोग्राम फक्त एका नावाच्या कॉम्प्युटरशी बोलतो? उद्या त्या चष्मेवाल्याला कळेल, वाचनालयाला कळेल. सगळे म्हणतील, हेच का ते तपासलेलं?”

“तपासलं होतं ना?”

“तपासलंय. इथे.” त्यांनी आपल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. “इथे व्यवस्थित चालतं.”

आईने खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, “नवीन व्हर्जन काढतोच आहोत ना आपण. त्यात नाव बदलायची सोय करून टाका. मग गाजावाजा न करता दवाखान्यातही बदलून टाकू. कोणाला काही सांगायची गरज नाही.”

“नवीन व्हर्जन शनिवारच्या आत येणार आहे?”

आमचं नवीन व्हर्जन मी चौथीत होते तेव्हापासून येतंय.

“बाबा, मागच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी तुम्हाला काय विचारलं होतं?”

“विचारलं, प्रोग्राम चुकतोय की माणूस.”

“मग?”

“मी म्हटलं, आमचा प्रोग्राम तपासलेला आहे.”

“म्हणजे माणूस.”

“मी असं म्हटलेलं नाही.”

“बाबा, दोनच पर्याय होते.”

त्यांनी मान वर केली. स्पर्धेत समोरच्या शाळेच्या मुलाने असंच माझ्याकडे बघितलं होतं, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या होत्या. आता नाही झाल्या. आपले बाबा हरताना बघण्यात मजा नसते. पण ते हरल्यावरही टेबल सोडत नाहीत, याचा मला राग यायला लागला होता.

“हे बघ,” ते म्हणाले, मोठ्या माणसांचा तो समजूतदार आवाज काढून, “मलाही त्या बाईंचं वाईट वाटतं. पण त्यांना रिसेप्शनचं काम कुठेही मिळेल. आपला धंदा हा एकच आहे. तू अजून लहान आहेस, तुला हे—”

“आई,” मी वळले, “तू फोनवर काकूला काय सांगायचीस?”

आई पडद्याच्या कडेचा धागा ओढत होती. “जे सगळ्यांना सांगते तेच.”

“हात लावला होता का?”

“अगं, मला काय माहीत होतं…” ती थांबली. धागा लांब निघाला होता. “रडली होती एकदा फोनवर. मला वाटलं, कामात लक्ष नसेल, घरी काहीतरी असेल.”

“घरी काही नाही. घरी वकील आहे. ती डबा परत नेते.”

“म्हणजे?” बाबांनी विचारलं. ते मी समजावत बसले नाही. ज्यांना वायरचं एका शब्दात कळतं, त्यांना हे समजायला नवीन व्हर्जन लागत असेल तर लागू दे.

“मी बघतो,” बाबा शेवटी म्हणाले. “शनिवारनंतर निवांत बोलतो डॉक्टरबाईंशी. थोडं थंड होऊ दे.”

“शनिवारनंतर काकू तिथे नसेल.”

“तू आता आत जा. अभ्यास कर.”

मी आत गेले नाही. मी त्यांच्या टेबलासमोरच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, हात टेबलावर ठेवले, आणि स्पर्धेत शिकवतात तसा एकदा पूर्ण श्वास घेतला.

“बाबा, आई, दोघंही ऐका. मी आत्ता तुमची परवानगी मागत नाहीये, सांगतेय. दवाखाना शाळेच्या आधी उघडतो. उद्या सकाळी मी तिथे जाणार आहे. डॉक्टरबाईंना त्या आजोबांची नोंद आधी रिसेप्शनवर दाखवणार, मग आतल्या दोन्ही कॉम्प्युटरवर शोधायला सांगणार, आणि मोकळी वायर त्यांच्या हातात देणार. आणि त्यांना सांगणार की काकूने एकही नोंद चुकवलेली नाही, चूक आमच्या घरात झालेली आहे. तुम्ही दोघांपैकी कोणी बरोबर आलंत तर तुम्ही बोला, मी बाजूला उभी राहीन. नाही आलात, तर मीच बोलणार आहे.”